‘30 दिवस कॉपरमध्ये ठेवलेले’ मासे आणि माझे 17,750 रुपये

आठ वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणाऱ्याने असं फसावं याची लाज वाटते, म्हणून दीड महिना गप्प बसलो. पण मला फसवणारा तो विक्रेता अजून मासे विकतोय.

आकडे आधी देतो. कॉपरबँड बटरफ्लाय मासा 8,500, मँडरीन माशांची जोडी 6,400, ‘30 दिवस कॉपरमध्ये क्वारंटाइन’चे, म्हणजे परजीवी मारायला तांब्याचं औषध घातलेल्या पाण्यात ठेवण्याचे, वेगळे 1,500, पॅकिंग आणि कुरिअर 1,350. एकूण 17,750 रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. स्वस्तात मिळतंय म्हणून धावलो नव्हतो. उलट जास्त मोजले, कारण कॉपरबँड खात नसेल तर कितीही कमी किंमत महागच पडते.

त्याने 40 सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. मासा मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) टिपतोय. आधी तुकडा निरखतो, मग लांब तोंडाने झटक्यात उचलतो. मी तो सात-आठ वेळा पाहिला आणि दर वेळी फक्त माशाचं तोंड पाहत राहिलो. मागच्या काचेवर टर्बो गोगलगाय चालत होती! औषधाइतकं कॉपर, म्हणजे चिलेटेड कॉपर 2 ते 2.5 पीपीएम, असलेल्या पाण्यात गोगलगाय तगत नाही, कोळंबी तगत नाही. हे मी स्वतः कितीतरी नवख्यांना सांगितलंय. समोर दिसत होतं, तरी बघितलं नाही.

मँडरीनचंही तेच. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपून जगतो आणि कॉपर त्या कोपेपॉडनाही मारतं. गोठवलेल्या खाद्यावर तो पक्का लागलेला नसेल, तर 30 दिवस कॉपर म्हणजे 30 दिवस उपास. विक्रेत्याचं वाक्यच खोटं होतं आणि त्याच वाक्याचे मी 1,500 दिले. मँडरीन घेताना पोट बघा: आत ओढलेलं दिसलं तर घेऊ नका. पाठीच्या पहिल्या पराचा काटा लांब असेल तर नर. मला आलेल्या ‘जोडी’त दोन्ही काटे लांब होते. दोन नर एका टँकमध्ये एकमेकांना जगू देत नाहीत.

पिशव्या 26 तासांनी आल्या. सांगितलेली ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचं माप, 1.025; खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर निघाली 1.018. मीठ वाचवायला आणि परजीवी दाबून ठेवायला काही जण पाणी असं हलकं ठेवतात. हलक्या पाण्यातून एकदम 1.025 मध्ये टाकलं की मासा खचतो; दिवसाला 0.001 ते 0.002 पेक्षा जास्त चढवू नये. थेंबथेंब पाणी सोडत तासन्‌तास पिशवीतच ठेवणंही चूक. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून विक्रेत्याच्या ग्रॅव्हिटीचा वेगळा टँक आधी तयार ठेवा. मी ठेवला नव्हता. क्वारंटाइनचे पैसे भरले होते ना! शिवाय उघड्याबोडक्या 40 लिटरच्या टँकमध्ये कॉपरबँड खाणं सोडेल ही भीती होती.

आलेल्या माशाच्या डोळ्यांमागे, डोक्यावर खळगा होता. व्हिडिओतला मासा भरलेला होता. म्हणजे मासाच दुसरा. उघड्या तिसऱ्याही (शिंपल्या) त्याने चोखल्या नाहीत. चौथ्या दिवशी परांवर मिठासारखे पांढरे दाणे दिसले, नवव्या दिवशी तो मेला. एक मँडरीन सहाव्या दिवशी, दुसरा बाराव्या. त्या दाण्यांच्या रोगाने माझा चार वर्षांचा एक क्लाउन मासाही गेला.

पैसे मागितल्यावर उत्तर आलं, ‘गॅरंटी पोचल्यावर दोन तासांचीच.’ मग नंबर ब्लॉक.

पोलिसांकडे गेलो. ‘माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब.’ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे काहीच नाही. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर माझ्याकडे विक्रेत्याचा पत्ता आणि बिल मागितलं. त्याच्याकडे दुकान नाही, बिल नाही, आहे तो फक्त नंबर. ग्राहक आयोगाची नोटीस पाठवायला पत्ता लागतो, पत्ता पोलिसांनी शोधायचा आणि पोलीस म्हणतात दिवाणी! रोगाचा पुरावा हवा म्हणून मेलेला मासा बर्फात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. तिथे सांगितलं, आम्ही मासे तपासत नाही. ज्या शहरात हजारो रुपयांचे जिवंत मासे रोज विकले जातात, तिथे मेलेला मासा तपासायला कुणी तयार नाही आणि विकणाऱ्याला विचारणारंही कुणी नाही.

व्हिडिओ घेऊ नका, व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. कॉपर किटचं रीडिंग त्याच कॉलवर मागा. बिल आणि पत्ता नसेल तर आगाऊ एक रुपयाही नको. आणि कुणीही क्वारंटाइन केल्याचं सांगितलं, तरी स्वतःचं पुन्हा कराच.

वाचलेला क्लाउन आता वेगळ्या टँकमध्ये कॉपरमध्ये आहे. मोठा टँक परजीवी उपाशी मरावेत म्हणून 76 दिवस माशांविना ठेवायचाय, आज 41वा दिवस. परवा मित्राच्या फोनवर त्या माणसाचं स्टेटस पाहिलं. तोच 40 सेकंदांचा व्हिडिओ, काचेवर तीच गोगलगाय, खाली नवी किंमत: 9,000.