कंडेन्सेशन की ॲडिशन? तालुक्याच्या क्लिनिकसाठी सिलिकॉन निवडताना

केज, धारूर, माजलगावकडे दातांचं क्लिनिक टाकणारे नवे डॉक्टर हमखास विचारतात: क्राऊन-ब्रिजच्या (कॅप आणि जोडून बसवलेले दात) मापाला, म्हणजे दातांचा ठसा घ्यायला, कंडेन्सेशन सिलिकॉन घ्यावं की ॲडिशन? मी दोन्ही वापरलीत. ताज्या मापात मार्जिन (घासलेल्या दाताची कड) किती स्वच्छ उमटतं, एवढंच पाहाल तर मला तरी दोघांत फार फरक जाणवला नाही. फरक पडतो तो पुढच्या काही तासांत.

कंडेन्सेशन सिलिकॉन जमताना इथिल अल्कोहोल तयार होतं. ते उडत जातं आणि माप आकसत राहतं. चोवीस तासांत साधारण 0.4 ते 0.6 टक्के. ॲडिशनमधून असं काही उडून जात नाही, तिथे आकुंचन 0.2 टक्क्यांच्या आसपास. 10 मिलिमीटर रुंदीच्या दाढेवर 0.5 टक्के म्हणजे 50 मायक्रॉन. मापात ओतायचा टाईप 4 स्टोन (कडक जिप्सम) जमताना थोडा फुगतो, पण तो जेमतेम 0.1 टक्का. तेवढ्याने भरपाई होत नाही. त्यात ट्रेला (माप ज्यात भरून घेतो ते भांडं) ॲढेसिव्ह, म्हणजे चिकटवणारा गोंद, नीट धरलं असेल तर माप ट्रेच्या भिंतींकडे ओढलं जातं, डाय (मापात स्टोन ओतून केलेली दाताची प्रतिकृती) रुंदीला जाड आणि उंचीला आखूड येते. माप ट्रेपासून सुटलं असेल तर डाय बारीक येते आणि कॅप तोंडात अडते.

म्हणून कंडेन्सेशनचं माप अर्ध्या तासात ओतावं लागतं. आमची लॅब लातूरला, माप एसटीने जातं, म्हणजे डाय क्लिनिकमध्येच ओतणं आलं. वेळ काढला तर तेही निभतं.

माझं मन उडालं ते दुसऱ्याच गोष्टीने. लॅबमध्ये डाय ट्रिम करताना मार्जिनचा बारीक कोपरा उडतो. टेक्निशियन कितीही चांगला असो, हे कधी ना कधी होतंच. मग फोन येतो, "डॉक्टरसाहेब, दुसरी डाय मिळेल का?" माप ॲडिशनचं असेल आणि फाटलेलं नसेल, तर आठवडाभरानंतरही मी तेच पुन्हा ओततो. कंडेन्सेशनचं तोवर आकसलेलं असतं, म्हणजे पेशंटला परत बोलावणं आलं. आणि बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास पेशंट ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तो टेंपररी कॅपवर दिवस काढणार, आणि ती निघाली तर घासलेला दात उघडा पडणार. हे मला फार लागतं.

ॲडिशन महाग आहे, हे खरंच. डेन्चरचं (कवळीचं) काम जास्त असेल किंवा लॅब त्याच इमारतीत असेल, तर कंडेन्सेशनवर भागू शकेल. पण त्याच्या पुटीत (हाताने मळायचं जाड सिलिकॉन) कॅटॅलिस्ट, म्हणजे ती जमवणारं द्रव्य, अंदाजाने पडतो आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला, पुटी झटपट जमू लागली, की तो घालताना हात आपोआप आखडता होतो. प्रमाण तिथेच बिघडतं. ॲडिशनचे दोन चमचे सारखे घेतले की झालं. उन्हाळ्यात मी त्याचे डबे फ्रीजमध्ये ठेवतो, म्हणजे मळायला वेळ मिळतो. ती पुटी लेटेक्सचे हातमोजे घालून मात्र मळू नका. त्यातल्या गंधकाने ती जमत नाही, चिकट राहते. मी नायट्राईलचे वापरतो.