काखेतीत वाईनसाठी जाताय तर राहायचं कुठे? सिघनाघी, तेलावी की तिब्लिसीहून एक दिवसाची टूर

जॉर्जियाला वाईनसाठी जायचं म्हणजे राजधानी तिब्लिसीच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतात जायचं हे ठरलेलंच असतं, देशातली बहुतेक वाईन तिथेच होते, पण काखेतीत राहायचं कुठे यावरून प्रत्येक ग्रुपमध्ये वाद होतात. माझं मत आधीच सांगून टाकते. वाईन कशी बनते ते खरंच बघायचंय आणि हातात दोन रात्री आहेत तर काखेतीतलं तेलावी. सुंदर गाव, फोटो, निवांत संध्याकाळ हवी असेल आणि एखादी वायनरी झाली तरी चालणार असेल तर सिघनाघी. तिब्लिसीहून सकाळी निघून रात्री परत ही टूर अगदीच वेळ नसेल तरच.

असं का म्हणते ते कळायला तिथे नेमकं काय बघायचंय ते माहीत पाहिजे. जॉर्जियात वाईन 8000 वर्षांपासून होते असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते नुसतं टुरिझमवाल्यांचं मार्केटिंग नाहीये, तिब्लिसीच्या दक्षिणेला उत्खननात सापडलेल्या खापरांमध्ये द्राक्षाच्या वाईनचे अंश मिळाले, 2017 मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं, काळ साधारण इसवी सनापूर्वी 6000. भांडं अजून मातीचंच. त्याला क्वेव्री म्हणतात, अंड्याच्या आकाराचा मोठा रांजण, आतून मधमाशीच्या मेणाचा हात फिरवलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. काखेतीच्या पद्धतीत द्राक्षाचा रस, सालं, बिया आणि पिकलेली देठंसुद्धा सगळं एकत्र त्यात घालतात, आंबवणं झालं की तोंड बंद करून पाचसहा महिने तसंच ठेवतात, वसंतात उघडतात. जमिनीखाली तापमान फारसं हलत नाही म्हणून हे जमतं. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला वारसा यादीत घेतलं.

त्यामुळे नाशिकच्या वायनरीत स्टीलच्या उंच टाक्या बघून आलेल्यांना इथल्या मरानीत, म्हणजे वाईनच्या तळघरात किंवा खोलीत, शिरल्यावर आधी काही दिसतच नाही. फरशीत नुसती गोल गोल झाकणं. घरमालक एका झाकणाच्या कडेची माती पुसतो, झाकण बाजूला सरकवतो, खालून थंड आंबूस वास येतो, मग लांब दांड्याला लावलेल्या भोपळ्याच्या पळीने वाईन वर काढतो आणि थेट ग्लासात ओततो. पांढऱ्या द्राक्षाची असूनही रंग पक्का पिवळसर नारिंगी, आणि पहिल्या घोटाला जीभ कोऱ्या चहासारखी आवळून येते. पहिल्यांदा पिणाऱ्या अर्ध्या लोकांना आवडत नाही हे खरंय, दुसऱ्या दिवशी जेवणाबरोबर घेतली की मत बदलतं. आणि माझा मुद्दा तोच आहे, यासाठी दुसरा दिवस लागतो!

एक दिवसाच्या टूरमध्ये तो मिळत नाही. साधारण सगळ्यांचा रूट सारखाच: बादियाउरीला रस्त्यावर तंदूरसारख्या भट्टीतला लांबट शोती ब्रेड आणि चीज, मग बोदबे मठ, मग सिघनाघीत तासभर मोकळा वेळ, दुपारी कुठल्या तरी मोठ्या वायनरीत रांगेत चार ग्लास आणि शेवटी दुकान. जेमतेम मरानी दिसते, माणूस बोलायला सापडतच नाही. स्वस्त पडते, ड्रायव्हरची चिंता नाही, सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर सामान बांधायची कटकट नाही, एवढे फायदे मान्य.

सिघनाघी दिसायला तिघांत सरस, यावर वादच नाही. डोंगरावरचं छोटं गाव, राजा एरेक्ले दुसरा याच्या काळातली 18व्या शतकातली तटबंदी आणि बुरूज, दगडी गल्ल्या, लाकडी नक्षीच्या बाल्कन्या, खाली अलाझानी खोरं आणि हवा स्वच्छ असेल तर समोर कॉकेशसची बर्फाची रांग. म्युझियममध्ये पिरोस्मानी या जॉर्जियन चित्रकाराची चित्रं आहेत, ती चुकवू नका, मेजवानीला बसलेली माणसं या माणसाइतकी कोणी रंगवली नाहीत. लग्न रजिस्टर करायचं ऑफिस चोवीस तास चालतं म्हणून याला प्रेमाचं शहर वगैरे म्हणतात, हनिमूनवाल्यांची गर्दी त्यामुळेही. वाईनचं म्हणाल तर फेझंट्स टिअर्स ही वायनरी इथलीच, 2007 मध्ये एका अमेरिकन चित्रकाराने स्थानिक शेतकऱ्यासोबत सुरू केलेली, नॅचरल म्हणजे बाहेरून फारसं काही न घालता केलेल्या वाईनच्या जगात मोठं नाव, आणि गावातच असल्याने पिऊन चालत रूमवर येता येतं, ही सोय तेलावीला नाही. अडचण एवढीच की गाव वर आणि द्राक्षमळे खाली खोऱ्यात, म्हणजे जास्त वायनऱ्या करायच्या तर इथूनही टॅक्सी आलीच आणि अंतरं तेलावीपेक्षा जास्त पडतात. वीकेंडला रूमचे भाव चढतात ते वेगळं.

तेलावी दिसायला साधं तालुक्याचं गाव. बाजार, बँका, शाळा सुटलेली पोरं. राजवाड्याचा किल्ला आणि कित्येक शतकं जुनं प्रचंड चिनाराचं झाड बघितलं की गाव संपलं. पण आजूबाजूला बघा काय आहे. दहा किलोमीटरवर त्सिनांदाली, कवी अलेक्झांडर चावचावाद्झे यांचा वाडा, जॉर्जियात युरोपियन पद्धतीने बाटलीबंद वाईन इथून सुरू झाली आणि जुन्या बाटल्यांचा साठा अजून तळघरात आहे. उत्तरेला अलावेर्दी, 11व्या शतकातलं कॅथेड्रल, तिथले साधू आजही क्वेव्रीत वाईन करतात (बायकांनी डोकं झाकायचं आणि स्कर्ट, पुरुषांना हाफ पँट चालत नाही, ओढणी सोबत ठेवा). इकाल्तोच्या मठाच्या अंगणात जुन्या क्वेव्री आडव्या पडलेल्या आहेत, पुरलेली वस्तू पूर्ण केवढी असते ते तिथे कळतं, आत माणूस उतरून घासतो हे मला तोवर पटत नव्हतं. क्वारेलीला डोंगर पोखरून केलेले, वाईन ठेवायचे बोगदे आहेत, साडेसात किलोमीटरच्या वर, आत बारातेरा डिग्री, मे महिन्यातही जाकीट लागतं. आणि या सगळ्याच्या मध्ये गावागावांतल्या घरगुती मराण्या.

या घरगुती मराण्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. सोव्हिएत काळात कारखान्यांत नुसतं प्रमाण वाढवलं, घरच्यासाठी मात्र लोक क्वेव्री भरतच राहिले, मग 2006 मध्ये रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली ती 2013 पर्यंत, मोठं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं आणि क्वालिटीकडे, बाहेरच्या मार्केटकडे बघावंच लागलं. आज गेस्टहाउसवाल्या काकू अंगणातली मरानी उघडून दाखवतात त्यामागे हे सगळं आहे. अशा घरी सापेरावी जरूर मागा, या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो, वाईन जवळजवळ काळी दिसते. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, कारण जेवायला बसवलं की टोस्टमागून टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा, चालतात, वर घरची चाचा म्हणजे द्राक्षाची कडक दारू येते, आणि तिसऱ्या ठिकाणी तुम्हाला काही चव कळणार नाहीये.

जाण्याचं बोलायचं तर सिघनाघीला तिब्लिसीच्या सामगोरी मेट्रोपासून मार्शुत्का म्हणजे शेअर मिनीबस मिळते, साधारण दोन तास. तेलावीला गोंबोरी घाटातून अंतर कमी, पण वळणं भरपूर, गाडी लागणाऱ्यांनी वाईन पिऊन परतीला हा रस्ता घेऊ नये, गुरजानीवरून लांबचा पडतो तो घ्यावा. तेलावीत ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरवा, स्वतः चालवायचा हट्ट नको, टेस्टिंग आणि स्टिअरिंग एकत्र जमत नाही आणि पोलीस कडक आहेत.

शाकाहारी असाल तरी दोन्हीकडे उपाशी राहणार नाही. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण, मातीच्या भांड्यात लोबिओ म्हणजे राजमाच, मक्याची भाकरी म्हचादी, चीज भरलेली खाचापुरी तर आहेच. खिंकाली म्हणजे मोदकासारखे डंपलिंग मागताना मात्र बटाट्याची का मश्रूमची ते विचारून घ्या, नेहमीची बीफ-पोर्कच्या खिम्याचीच येते.

सीझन: द्राक्षतोडणी म्हणजे र्त्वेली सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये, तेव्हा तेलावी बाजूच्या गावांत राहिलात तर मालक तुम्हालाही कात्री देऊन मळ्यात उभं करतील. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तोडणी बहुतेक आटपलेली असते, पानं मात्र सुंदर रंगतात. पोरांच्या शाळेमुळे मे हाच ऑप्शन असेल तर वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा नवीन क्वेव्री उघडलेल्या असतात.

तीन रात्री असतील तर दोन तेलावी आणि परतीच्या वाटेवर एक सिघनाघी, हा क्रम उलटा करू नका, सिघनाघीनंतर तेलावी उगाच रुक्ष वाटतं. बाटल्या मात्र मोजून घ्या, भारतात येताना माणशी दोन लिटर दारूच ड्यूटी फ्री, म्हणजे 750 मिलीच्या दोनच, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. आणि काकूंनी प्रेमाने प्लास्टिकच्या बाटलीत भरून दिलेली घरची वाईन तिथेच संपवा, ती प्रवासात टिकत नाही.