देवमाशाची शिकार ऐकायची तर हायड्रोफोन घ्यावा की टॅग?

देवमाशाच्या बुडीवर प्रबंध लिहिताना नोंदी कोणत्या घ्याव्यात, पाण्यात स्थिर सोडलेल्या हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) की प्राण्याच्या पाठीला चिकटवलेल्या टॅगच्या (छोट्या नोंदयंत्राच्या), हा प्रश्न मलाही पडला होता. कोल्हापूरहून समुद्र गाठायचा म्हणजे घाट उतरणे आले. त्यामुळे अभ्यासकांनी खुल्या केलेल्या दोन्ही प्रकारच्या नोंदी मी राजारामपुरीतल्या खोलीत, पंखा बंद करून, हेडफोनवर ऐकल्या.

हायड्रोफोन महिनोन्महिने ऐकत राहतो आणि प्राण्याला स्पर्शही करत नाही. एखाद्या भागात देवमासे केव्हा येतात एवढेच पाहायचे असेल, तर माझ्या मते तोच पुरेसा आहे.

शिकारीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. स्पर्म व्हेल हा देवमासा भक्ष्य शोधताना खोल पाण्यात साधारण अर्ध्या ते एका सेकंदाला एक क्लिक करत जातो. चप्पल-कारागिराची हातोडी पडावी तशी ती लय असते. भक्ष्य टप्प्यात आले की क्लिक इतक्या दाट होतात की बिजागरी कुरकुरल्यासारखा सलग आवाज येतो. यालाच बझ म्हणतात. अडचण अशी की बझमधल्या क्लिक नेहमीच्या क्लिकपेक्षा बऱ्याच क्षीण असतात, म्हणजे दूरच्या हायड्रोफोनवर नेमके हवे तेच निसटते. एका नोंदीत लय थांबली, आठ सेकंद शांतता राहिली आणि लय पुन्हा सुरू झाली. त्या वेळात शिकार झाली, की त्याने केवळ डोके फिरवले? क्लिकचा झोत पुढच्या दिशेला एकवटलेला असल्याने दोन्ही शक्य होते. तो तुकडा मी अनेक रात्री ऐकला आणि तिथेच माझा कल ठरला.

मार्क जॉन्सन आणि पीटर टायॅक या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेला डीटॅग नावाचा टॅग रबरी चोषकांनी चिकटतो आणि आवाजाबरोबरच खोली, दिशा व अंगाचा कल नोंदवतो. बझ ऐकू येतो त्याच वेळी अंग वळलेले आलेखात दिसते, तेव्हा शंकेला फारशी जागा राहत नाही. टॅग बहुधा काही तासांतच सुटतो, त्यामुळे प्राणी मोजकेच हाती लागतात, ही उणीव खरीच आहे. पण निळा देवमासा तर भक्ष्य शोधायला असे क्लिक करतच नाही. म्हणजे त्याची शिकार हायड्रोफोनवर क्लिकवरून ओळखताच येत नाही. तिथे टॅगवर आदळणाऱ्या पाण्याचा खळखळाटच वेग सांगतो आणि देवमासा तोंड उघडून मंदावला की तो खळखळाटही उतरतो.

माझे मुख्य प्रकरण टॅगच्या नोंदींवर उभे आहे. आठ सेकंदांचा तो तुकडा मी प्रबंधात घेतलेला नाही.