नॉक सेन्सरचे १४,८०० रुपये आणि न हललेला बोल्ट

सेन्सर ८,५००, 'कॉम्प्युटर ट्यूनिंग' ४,५००, मजुरी १,८००. एकूण १४,८०० रुपये, पाठकोऱ्या कागदावर. ना शिक्का, ना जीएसटी नंबर. असा कागद कोणी दिला तर पैसे देऊ नका. मी दिले.

बेळगावला लग्नाला जाताना चोर्ला घाटात, चार माणसं नि आहेराच्या पिशव्या घेऊन, तिसऱ्या गिअरात इंजिन टिणटिणलं. क्षणभरच. मग आवाज गेला, गाडीची ओढ जरा कमी झाली. परतल्यावर गॅरेजात नेली.

"पात्रांव, नॉक सेन्सर गेला. पिस्टन फुटतलो!" मिस्त्रीने डॅशबोर्डवर बोट ठेवलं. चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला.

इथेच कळायला हवं होतं! गाडी आणली तेव्हा दिवा नव्हता. बॉनेट त्याने उघडलं, मी फोनवर होतो, आणि मग दिवा. सेन्सरचा सॉकेट उपटला की तो पेटणारच. शिवाय घाटातला आवाज आपोआप थांबला, म्हणजे सेन्सर जिवंत होता. इंजिनच्या ब्लॉकला आवळलेला तो तुकडा ठोक्याची, म्हणजे त्या टिणटिणीची, थरथर ओळखतो, कॉम्प्युटर ठिणगी काही अंश उशिरा पाडतो, ठोका थांबला की टायमिंग हळूहळू पुन्हा पुढे आणतो. हे मला नंतर समजलं. मी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी वाटणारा जुना भाग, हाताने फिरवून टायमिंग लावणाऱ्या काळातला. अडाणी नाही, जुना. म्हणूनच तो स्क्रूड्रायव्हर घेऊन "टायमिंग आवळतो" म्हणाला तेव्हा मला ओळखीचं वाटलं. या गाडीत आवळायला तसला स्क्रूच नाही.

जुना पार्ट मी मागितला होता, हं! "भंगारात गेला." दहा मिनिटांत? भंगारवाला काय दारात उभा होता?

दुसऱ्या मिस्त्रीने टॉर्च मारून दाखवलं: सेन्सरच्या बोल्टवर तेल-धुळीचा जुना थर, पान्याचा ओरखडाही नाही. दिवा पुसण्याआधी स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडचा फोटो घ्या. माझ्याकडे नाही.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पक्कं बिल मागितलं. अहो, पक्कं बिल देणारा फसवेल कशाला? तीन खेपा, तीन झेरॉक्स, पेट्रोल माझं. एकाने सोमवारी बोलावलं, सोमवारी तो रजेवर. शेवटी आतल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं,

"पण गाडी आता चालते ना?"