लेझर मशीन थेट चीनहून मागवलं : ११ महिन्यांनंतरचा हिशोब

परवा वॉरंटीतली नवी लेझर ट्यूब (किरण निघतो ती काचेची नळी) ‘फुकट’ आली आणि त्या फुकटच्या ट्यूबसाठी मी जवळपास २०,००० रुपये मोजले. तेव्हाच ठरवलं की हा सगळा हिशोब आता लिहून काढायचा. ऑर्डर देण्याआधी मला कोणी हे सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

मशीन ८० वॉटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर, बेड ९०० बाय ६०० मिलिमीटर. सांगलीत माझं ॲक्रिलिक आणि एमडीएफचं काम आहे. नेमप्लेट, ट्रॉफी, लग्नसराईत रुखवताच्या वस्तू. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. ॲक्रिलिकची कडा काचेसारखी निघते, बेल्ट ११ महिन्यांत एकदाच ताणावा लागला. खाली लिहितोय ते माल दारात येईपर्यंत लागलेल्या पैशांबद्दल.

सगळे घाबरवतात ड्युटीला. माझ्या हिशोबात नेमकी तीच चुकली नाही. सीआयएफ किंमत (माल, विमा आणि इथल्या बंदरापर्यंतचं भाडं धरून) २,३०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या कस्टम्सच्या दराने साधारण २ लाख. त्यावर साडेसात टक्के बेसिक ड्युटी १५,०००, त्या ड्युटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज १,५००, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी ३८,९७०. एकूण ५५,४७०, म्हणजे २७.७३५ टक्के. यातला आयजीएसटी रेग्युलर जीएसटीवाल्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो, त्यामुळे खरा खर्च १६,५००. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (ठरावीक दराने कर, क्रेडिट नाही) असाल तर मात्र सगळाच्या सगळा अंगावर. आणि क्रेडिट मिळणार असलं तरी ते ३९ हजार त्या दिवशी हातात रोख लागतात, हे धरूनच चाला.

चुकलं ते बाकीचं. इथल्या खर्चाला मी १८,००० धरले होते, लागले ५२,१४०.

विक्रेत्याने दोन भाव दिले होते. एफओबी, म्हणजे तिकडे जहाजावर माल चढवेपर्यंतचा, २,२१० आणि न्हावाशेवापर्यंत सीआयएफ २,३००. नव्वद डॉलरमध्ये समुद्रापार माल येतोय म्हटल्यावर मी लगेच सीआयएफ घेतलं. सगळ्यात मोठी चूक हीच. एलसीएलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जागा घेऊन येताना, तिकडचा फॉरवर्डर (मालाची वाहतूक ठरवून देणारा) भाडं नावाला लावतो आणि इकडच्या एजंटमार्फत वसूल करतो. माझ्या हातात २७,४०० चं बिल आलं. टर्मिनल हँडलिंग, डीस्टफिंग (कंटेनरमधून माल काढणं), डिलिव्हरी ऑर्डर, डॉक्युमेंटेशन अशा ओळीच्या ओळी. पैसे भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही आणि ती नसेल तर माल हलत नाही. भांडलो, चार मेल लिहिले, १,२०० रुपये कमी झाले. २७,४०० हा कमी करून झालेला आकडा आहे. एफओबी घेतलं असतं तर फॉरवर्डर मी निवडला असता आणि इथलं प्रत्येक शुल्क माल निघण्याआधी लेखी मागून घेतलं असतं.

बाकी सीएफएसचे (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) ६,३००, सीएचएचे (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) जीएसटीसकट ९,४४०, उरणहून सांगलीपर्यंत पार्टलोडचे ९,०००. बँकेने डॉलरमागे दीड रुपया जास्त लावला आणि मधल्या बँकेने २५ डॉलर कापले, तेही विक्रेत्याला पुन्हा पाठवावे लागले. हे या बावन्न हजारांच्या बाहेरचं.

एक मत मात्र बदललं. सीएचए रोज फोन करायचा, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) पाठवा, बँकेचं एडी कोडचं पत्र पाठवा, कॅटलॉग पाठवा. मला वाटायचं, हा फी वाढवायची तयारी करतोय. नंतर कळलं की जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा तपशील) भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० दंड बसतो. त्या माणसाने माझे निदान पंधरा-वीस हजार वाचवले. सीएचएच्या फीमध्ये घासाघीस करू नका.

आता खोक्याबद्दल. गेले दोन महिने माझ्या डोक्यात खोकंच आहे.

क्रेट अंगणात उतरवल्यावर मी टेप लावून मोजला. १.४५ बाय १.१० बाय १.१५ मीटर, म्हणजे १.८३ सीबीएम (घनमीटर). बिलात त्याचे २ झाले. आत मशीनच्या चारही बाजूंना वीतभर थर्माकोल, आणि बेडखाली मशीनचं पोट पूर्ण रिकामं. मी हात घालून पाहिलं, खांद्यापर्यंत गेला. त्या रिकाम्या जागेचे पैसे मी भरलेत. तिथे दोन जादा ट्यूब, लेन्सचे सेट आणि आरसे आरामात बसले असते. इनव्हॉइसमध्ये दाखवून ड्युटी भरायची, भाड्यात एक रुपयाचाही फरक पडला नसता.

एप्रिलमध्ये ट्यूब गेली. विक्रेत्याने वाद न घालता नवी दिली, भाडं माझ्याकडे. ट्यूब सव्वा मीटर लांब, वजन खोक्यासकट ८ किलो. पण खोकं १४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. कुरिअर लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागतं. आले २६.१, बिल झालं साडेसव्वीस किलोचं, १३,७४६ रुपये. वर ड्युटी. वॉरंटीचा माल असला तरी कस्टम्स खरी किंमत धरतं, ‘फुकट’ लिहून सुटका नाही. ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरने आधी पैसे भरल्याचं शुल्क मिळून ६,२००. जीएसटीआयएन वेळेत दिला नाही म्हणून क्रेडिटही गेलं. तशीच ट्यूब पुण्यात २३,००० ला उभ्या उभ्या मिळत होती. तीन हजारांसाठी ऐन लग्नसराईत १६ दिवस मशीन बंद.

ट्यूब का गेली तेही सांगतो. मशीनबरोबर सीडब्ल्यू-३००० चिलर (ट्यूब थंड ठेवायला पाणी फिरवणारं यंत्र) आला होता. त्यात कॉम्प्रेसर नसतो, नुसता रेडिएटर आणि पंखा. खोलीपेक्षा थंड पाणी तो करूच शकत नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ४० च्या वर गेलं होतं, मी बोट बुडवलं तर अंघोळीचं पाणी वाटावं इतकं. म्हणून मशीनच्या किमतीतच कॉम्प्रेसरवाला सीडब्ल्यू-५२०० धरा आणि तो त्याच क्रेटमध्ये मागवा.

तरी डीलरच्या भावाशी तुलना केली तर आजही मी ४०,००० ने फायद्यात आहे, ट्यूबचा खर्च धरून. दुसरं मशीन घ्यायचंय. या वेळी मेलमध्ये आधी क्रेटची बाहेरची मापं आणि आतली रिकामी जागा फोटोसकट मागितली आहे, भाव फक्त एफओबी. मापं आली, १.६ सीबीएम. थर्माकोल कमी करा म्हणून परत लिहिलंय, उत्तराची वाट पाहतोय.