लसूणघास की टिमथी? खड्याच्या ऑपरेशननंतर

गिनीपिगच्या मूत्राशयातले खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आणि लसूणघासात टिमथी गवताच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. लसूणघास चविष्ट, चाऱ्याच्या दुकानात स्वस्तात मिळणारी. वाढत्या पिल्लांना, गाभण मादीला ठीक. पण नुकतेच टाके पडलेल्या, वयात आलेल्या जनावराला रोज नकोच. टिमथी ऑनलाइन मागवावी लागते, खिशाला चटका बसतो. तरी माझं मत तिलाच. टिमथी त्याला हवी तेवढी खाऊ दे, दातही झिजतात.

अपवाद एकच. ऑपरेशननंतर त्यानं खाणंच सोडलं, तर आतड्यांची हालचाल थांबते आणि ते जिवावर बेततं. तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन, सिरिंजनं भरवणं, आणि त्यांची हरकत नसेल तर आमिष म्हणून लसूणघासाच्या दोन काड्या.