नवा सोबती, परकी भाषा आणि गूगल ट्रान्सलेट: गोव्यातल्या मिशनरी जोड्यांसाठी परीक्षण

मिशनरी जोडीत जुना असतो तो प्रशिक्षक आणि नवा येतो तो सोबती. गूगल ट्रान्सलेट फुकट आहे, आणि नवा सोबती मडगाव किंवा थिवी स्टेशनवर उतरला की प्रशिक्षकाच्या हाताला पहिलं तेच लागतं. त्यामुळे पर्यटकाला हॉटेलचा पत्ता विचारता येतो का, या कसोटीवर इथे त्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. आपली कसोटी अशी: प्रशिक्षक मराठी बोलणारा, सोबती मिझोरामचा किंवा मेघालयाचा, हिंदी जेमतेम, इंग्रजी शाळेपुरती, आणि दोघांनी मिळून डिचोली-पेडण्यापासून सासष्टीपर्यंत घरोघरी जायचं. या कसोटीवर ॲपला पाचपैकी साडेतीन गुण. सकाळी खोलीत दोघांनी समोरासमोर बसून वापरलं तर ते कामाचं आहे. लोकांच्या दारात मात्र ते बाहेर काढू नये.

आधी भाषांचं बघू. कोकणी, मिझो आणि मणिपुरी या ॲपमध्ये मे 2022 मध्ये आल्या. खासी, संथाळी, बोडो 2024 मध्ये. 2022 ची खेप ज्या तंत्राने आली, त्यात यंत्राला दोन भाषांतली जोडीजोडीची वाक्यं शिकवलेली नव्हती. एकेका भाषेतला सुटा मजकूर वाचूनच त्याने भाषांतर जमवलं. म्हणून मराठी किंवा हिंदीइतका भरवसा मिझोवर किंवा कोकणीवर ठेवू नये. माइक आणि कॅमेरा मराठी, हिंदी, इंग्रजीसाठी नीट चालतात; नंतर आलेल्या भाषांसाठी टंकून लिहायचंच गृहीत धरावं. कोकणी देवनागरीत मिळते. 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार तेच बरोबर आहे, पण सासष्टी-बार्देशातल्या कॅथलिक घरांत प्रार्थनेची पुस्तकं रोमी, म्हणजे रोमन, लिपीतली असतात. तिथे देवनागरी कोकणी दाखवली तर आजी चष्मा लावून बघेल आणि नातवाला हाक मारेल. पेडणे, डिचोली, सत्तरीत मराठी वर्तमानपत्रं घरोघरी वाचली जातात, तिथे मराठीच पुढे करावी.

ॲप उघडून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवा, उतरवलेल्या भाषांची यादी उघडा, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी वायफायवरच उतरवून घ्या. ज्या भाषेपुढे बाणाचं चिन्ह नाही ती ऑफलाइन चालणार नाही, हे तिथेच कळतं. सत्तरी-सांग्याच्या आतल्या वाड्यांवर नेटवर्क बेभरवशाचं असतं, तेव्हा ज्या दिवशी तिकडे जायचं त्या दिवशी सोबत्याच्या भाषेसाठी ॲपवर विसंबून राहू नये.

आता यंत्र चुकतं कुठे. दोन्ही बाजूंना इंग्रजी नसेल, तर भाषांतर बहुधा मध्ये इंग्रजीतून जातं, आणि जोडीतल्या बहुतेक गैरसमजांचं मूळ तिथेच असतं. मराठीतले तू, तुम्ही, आपण इंग्रजीतल्या एकाच शब्दात शिरतात आणि पलीकडे यंत्राला वाटेल तसे बाहेर पडतात. सोबत्याने मिझोतून आदराने लिहिलेलं मराठीत 'तू' होऊन येऊ शकतं, आणि तेच वाक्य त्याने घरातल्या ज्येष्ठांपुढे पाठ म्हटलं तर पहिल्याच भेटीत नाक मुरडलं जातं. दुसरी अडचण आपण आणि आम्ही यांची. सोबती लिहितो की प्रार्थना करू, यंत्र देतं 'आम्ही प्रार्थना करू', आणि घरचे लोक हात जोडायचे सोडून बघत बसतात, कारण त्यांना त्यात धरलेलंच नाही. तिसरी अडचण लिंगाची. सिस्टरांच्या, म्हणजे स्त्री मिशनऱ्यांच्या, जोडीला 'मी आलो', 'मी सांगतो' असली वाक्यं मिळतात. ही तिन्ही दुरुस्त्या प्रशिक्षकाने हाताने करायच्या आणि दुरुस्त वाक्यच ताऱ्याच्या खुणेने जतन करायचं.

वेळेची भानगड वेगळी. पावणेआठ, साडेसात, दीड, अडीच हे शब्द टाकू नका. 7:45, 7:30 असे आकडे टाका. 'परवा' तर लिहूच नका, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही, तारीख लिहा. कदंबाची बस चुकण्यापेक्षा चार अक्षरं जास्त टंकणं परवडतं. निघताना आपण 'येतो' म्हणतो, त्याचंही यंत्र सरळ येणंच करतं. मराठीत कर्ता गाळायची सवय आहे, ती ॲपपुढे सोडावी लागते. 'उद्या जाऊन भेटून येऊ' याऐवजी 'उद्या 10:30 वाजता आपण दोघे त्या कुटुंबाच्या घरी जाऊ. आपण त्यांना भेटू. आपण 12:00 वाजता परत येऊ' असं लिहा. एका वाक्यात आठ-दहा शब्द, एक क्रियापद, म्हणी-वाक्प्रचार नाहीत. मग उत्तर उलट फिरवून बघा: बाणांची खूण दाबली की भाषांतर परत मराठीत येतं. परत आलेल्या वाक्यात वेळ, माणूस आणि काम या तीन गोष्टी शाबूत असतील तर पुढे जा. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

धार्मिक शब्दांत तर यंत्राला संदर्भ हवाच असतो. एकटा शब्द टाकला तर इंग्रजी 'मिनिस्ट्री'तून सेवाकार्याचं मंत्रालय होऊ शकतं आणि 'मास'मधून मिस्साचं वस्तुमान. पाळक, पाद्री, फादर यांतला फरक त्याला कळत नाही. आपल्या मंडळीत जो शब्द चालतो तो प्रशिक्षकानेच ठरवून द्यावा. तारण, कृपा, बाप्तिस्मा, पश्चात्ताप यांसाठी ॲप वापरूच नका. त्यापेक्षा पक्का उपाय बायबलचा: अध्याय आणि ओवीचे आकडे सगळ्या भाषांत जवळपास सारखे असतात. सोबत्याच्या मिझो बायबलमध्ये आणि मराठी बायबलमध्ये एकच ओवी शेजारी-शेजारी उघडली की शब्द आपोआप जुळतात, आणि तेही माणसांनी तपासून छापलेले. एकच सावधगिरी: स्तोत्रांचे क्रमांक जुन्या कॅथलिक पद्धतीत बऱ्याच ठिकाणी एकाने मागे असतात, म्हणून पहिली ओळ वाचून खात्री करा.

उच्चारासाठी मराठीच्या खाली रोमन अक्षरं दिसतात, आणि मिझो किंवा खासी वाचणाऱ्याला तो मोठा आधार वाटतो, कारण त्याची लिपी रोमनच. इथे दोन खड्डे आहेत. शब्दाच्या शेवटी यंत्र एक जादा 'ए' लावतं, त्यामुळे सोबती 'नाव' ऐवजी 'नावा' म्हणू लागतो. आणि 'च' साठी नुसता रोमन 'सी' येतो, तेव्हा 'चार' वाचताना तो 'कार' म्हणेल. वर चाकातला च आणि चारातला च हा भेद तर कुठेच दाखवलेला नसतो. यावर उपाय म्हणजे रोमन ओळ पहिल्या आठवड्यातच झाकून देवनागरीची मुळाक्षरं सुरू करणं. ऐकण्यासाठी सेटिंगमध्ये आवाजाचा वेग कमी करता येतो. ती सोय चांगली आहे. आवाज मात्र छापील मराठीचा आहे. पेडण्याच्या बाजारात ऐकू येणारी बोली तो शिकवत नाही.

वाक्य पोचलं तरी त्यातला सूर हरवतो, आणि या ॲपचा सर्वांत मोठा दोष हाच. सोबत्याची चूक सांगताना मराठीत आपण 'जरा', 'ना', 'हं', 'की' पेरत जातो. यंत्र ते सगळे गाळतं. 'त्यांचं बोलणं होऊ द्यायचं ना जरा' हे पलीकडे 'त्यांना बोलू दे' अशा हुकमासारखं पोचतं. पंधरा दिवस असंच चाललं की सोबती गप्प होतो, आणि प्रशिक्षकाला वाटतं की त्याला शिकायचंच नाही. म्हणून दुरुस्ती तीन सुट्या वाक्यांत द्यावी: काय झालं, का अडचण झाली, पुढच्या वेळी दोघांनी काय करायचं. 'त्या बाई बोलत होत्या. तू मध्ये बोललास, म्हणून त्या थांबल्या. पुढच्या वेळी त्यांचं बोलणं संपेपर्यंत आपण दोघे थांबू.' एका भेटीनंतर एकच दुरुस्ती, शेजारी बसून, फोन दोघांच्या मध्ये ठेवून. रात्री निरोप पाठवून दुरुस्ती कधीही करू नका. तिथे सूरही नसतो आणि चेहराही.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट म्हणजे खोटा होकार. नवा सोबती स्क्रीन वाचून मान हलवतो, आणि ते समजल्याचं लक्षण धरलं जातं. 'समजलं का' हा प्रश्न ॲपमध्ये टाकण्यात अर्थ नाही. 'आधी कुठे जायचं? किती वाजता? पहिलं कोण बोलणार?' असे प्रश्न टाका आणि त्याला त्याच्या भाषेत उत्तर टंकू द्या. उत्तर मराठीत वाचलं की गफलत तिथल्या तिथे दिसते. सकाळच्या अभ्यासात याला वीस मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर दिवसाचा बेतच गुंतागुंतीचा केलेला आहे.

दारात मग काय करायचं? सोबत्याला ठरावीक वाटा द्या: नमस्कार, स्वतःचं नाव, एक ओवी, आणि शेवटची प्रार्थना, हवी तर त्याच्याच भाषेत. मिझोतली प्रार्थना ऐकून कुणी रागावत नाही; फोनकडे बघत म्हटलेली मराठी प्रार्थना मात्र परकी वाटते. दहा-बारा वाक्यांचं लॅमिनेट केलेलं कार्ड खिशात असावं. त्यात 'माका कोंकणी येना, शिकतां', 'सवकास उलयात' (हळू बोला), 'देव बरें करूं' (धन्यवाद) ही तीन कोकणी वाक्यं हवीतच. जून ते सप्टेंबर या पावसात फोन बाहेर काढण्यापेक्षा कार्ड सोयीचं, आणि कार्ड बघताना माणूस मान वर करून बोलतो.

लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) मंडळीत नव्या मिशनरीचं क्षेत्रातलं प्रशिक्षण 12 आठवड्यांचं धरतात. तो हिशेब कुठल्याही मंडळीच्या जोडीला लावता येतो. पहिले चार आठवडे ॲप सकाळ-संध्याकाळ. पुढचे चार फक्त बेत आणि दुरुस्तीसाठी. शेवटचे चार फक्त अडलेल्या शब्दासाठी. सहाव्या आठवड्यातही भाजीवाल्याशी बोलायला फोन काढावा लागत असेल, तर सोबत्याची भाषा पुढे सरकलेली नाही, असं समजून रोजचा मराठी अभ्यास वाढवा. भाषेचा सांगाडा ॲप देत नाही, आणि त्याचा तो दावाही नाही. थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याने इथे येणाऱ्या मिशनऱ्यांसाठी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण 1640 मध्ये राचोलला छापलं गेलं. व्याकरणाचं असं एखादं साधं पुस्तक आजही ॲपशेजारी लागतंच.

पर्यायांत केंद्र सरकारचं भाषिणी हे भाषांतराचं साधन आहे. त्याचा भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांवर आहे, म्हणजे कोकणी, संथाळी, बोडो, मणिपुरी बोलणाऱ्या सोबत्यासाठी तेही तपासून बघावं. मिझो आणि खासी अनुसूचीत नाहीत, तेव्हा त्या सोबत्यांनी गूगलपासूनच सुरुवात करावी.

खासगीपणाची बाब बहुतेक जोड्या विसरतात. ॲपमध्ये टंकलेलं सगळं इतिहासात साठतं. कुणाच्या घरचं भांडण, आजार, दारू, कर्ज यांबद्दल दोघांनी बोलताना नावं टाकू नयेत. 'पहिलं घर', 'दुसरं घर' पुरतं. आठवड्यातून एकदा इतिहास पुसावा. फोन दोघांत एकच असेल तर हे आणखी जपावं.

बदली होते तेव्हा ताऱ्याने जतन केलेली यादी प्रशिक्षकाच्या गूगल खात्यातच अडकून राहते. संगणकावर ट्रान्सलेटचं पान उघडून जतन केलेली वाक्यं गूगल शीटमध्ये काढता येतात. प्रशिक्षक जायच्या आदल्या दिवशी ती शीट सोबत्याला द्यावी, आणि तिच्यात एक जादा रकाना करून प्रत्येक वाक्य कुठल्या तालुक्यात चालतं ते लिहावं, कारण सासष्टीत चालणारं वाक्य सत्तरीत चालेलच असं नाही.